अध्यक्षाची घंटा

सभेच्या टेबलावर अध्यक्षांच्या उजव्या हाताशी पितळेची एक लहानशी घंटा ठेवलेली असते. वक्त्याची वेळ संपली की ती वाजवायची, एवढाच तिचा उपयोग, असे मी बरीच वर्षे समजत होतो. एका सभेपासून मात्र या घंटेविषयी मला नव्याने विचार करावा लागला. तो विचार येथे मांडण्याचे कारण असे की, नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती आयुष्यात केव्हा ना केव्हा ही घंटा येते.

घडले ते असे. भिलाई-दुर्गच्या जुळ्या शहरांत मोहन नगर म्हणून जी वस्ती आहे, तेथे मी राहतो. आसपासच्या मराठी मंडळींचे एक मंडळ आहे; त्याचे नाव येथे नको. गणेशोत्सव, कोजागिरी, संक्रांतीचे हळदीकुंकू, वर्षाकाठी एखादे नाटक आणि एक वार्षिक अंक, एवढा त्याचा संसार. त्या अंकाचे संपादन माझ्याकडे होते. सर्वसाधारण सभेत, नोकरीतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी उभे राहून विचारले की, सभागृहाच्या दुरुस्तीसाठी जमलेल्या वर्गणीचा हिशेब केव्हा मिळेल? विचारताना त्यांचा आवाज चढला हे खरे. एकदोन शब्द असेही निघाले की जे निघायला नको होते. अध्यक्षांनी घंटा वाजविली. गृहस्थ बोलत राहिले. घंटाही वाजत राहिली. अखेर ते खाली बसले आणि सभा चहाफराळाकडे वळली.

आठवड्याभराने त्यांनी तेच सारे, परंतु शांतपणे आणि सभ्य भाषेत, तीन पानांत लिहून अंकासाठी माझ्याकडे पाठविले. मी ते छापले नाही. ‘अंक वाङ्मयीन आहे, त्यात कारभाराची चर्चा नको,’ असे मी त्यांना कळविले. ते कारण मला त्या वेळी पुरेसे वाटले. खरे कारण निराळे होते. अध्यक्ष माझे स्नेही होते आणि मला कटकट नको होती. त्यानंतर ते गृहस्थ मंडळात आले नाहीत. गणपतीच्या आरतीला आले नाहीत. त्यांच्या घरच्या बाईंचे हळदीकुंकवाला येणेही थांबले. आणि मला हळूहळू असे वाटू लागले की, अध्यक्षांच्या घंटेपेक्षा माझ्या त्या दोन ओळींच्या पत्राचा आवाज अधिक मोठा झाला असावा.

या प्रसंगात माझे काही चुकले काय, असा प्रश्न मी एकदोन स्नेह्यांपुढे टाकला. ते कायदा जाणणारे होते. त्यांचे म्हणणे असे पडले की, यात चुकण्याजोगे काहीच नाही. भाषणस्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिले आहे ते मुख्यतः शासनसत्तेविरुद्ध. मंडळाच्या अध्यक्षाविरुद्ध नव्हे. मंडळ ही खाजगी संस्था आहे. तिच्या अंकात काय छापावे हे तिचा संपादक ठरवील. ज्याला पटत नसेल त्याने दुसरा अंक काढावा. संस्था स्थापण्याचे स्वातंत्र्यही त्याच अनुच्छेदात आहे.

हे उत्तर कायदा म्हणून बरोबर आहे. परंतु ज्या प्रश्नाला ते दिले गेले तो कायद्याचा प्रश्नच नव्हता. मला न्यायालयात कोणी खेचणार आहे काय, असे मी विचारले नव्हते; मी योग्य वागलो काय, असे विचारले होते. या दोन प्रश्नांतील अंतर आपल्या समाजाला नवीन नाही. गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीने जॉन स्टुअर्ट मिल वाचला, तो त्याने हेच दाखवून दिले होते म्हणून. मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ चा. त्यातील मुख्य सांगणे असे की, राजाच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम कित्येकदा अधिक खोलवर जातो. कारण राजा देहाला बांधतो, समाज घरात शिरून मनाला बांधतो. ज्या बंधनाला शिपाई लागत नाही आणि ज्याची कोठे नोंद होत नाही, त्याचा विचार न्यायाधीश करीत नाही. तो आपणच केला पाहिजे.

‘दुसरा अंक काढावा’ या सल्ल्याचाही थोडा विचार करू. १८८१ च्या जानेवारीत केसरी निघाला आणि आगरकर त्याचे संपादक झाले. राजकारणात टिळक-आगरकरांचे फारसे वाकडे नव्हते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मात्र मतभेद वाढत गेले. पत्र एकट्याचे नव्हते. चालविणाऱ्या मंडळींत बहुमत आगरकरांच्या बाजूचे नव्हते. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. यात कोणावर अन्याय झाला असे म्हणणे कठीण आहे. पत्राच्या मालकमंडळींना आपले धोरण ठरविण्याचा अधिकार होता, आणि आगरकरांना आपले मत न विकण्याचा. पुढे सुधारक आणि केसरी यांनी एकमेकांवर जी शस्त्रे चालविली त्यांनी महाराष्ट्राचे नुकसान न होता फायदाच झाला. सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी हा मनुष्य लिहीत राहिला. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले, तेव्हा टिळकांनीच केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

तथापि ही गोष्ट पुण्याची होती. पुण्यात एक दार बंद झाले तर दुसरे उघडता येत होते. छापखाने होते, वर्गणीदार होते, वाद वाचण्याची चटक असलेला वाचक होता. दुर्गासारख्या गावी मराठी माणसाला किती दारे असतात? एकेकाळी हा सारा मुलूख नागपूरशी जोडलेला होता. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे, नंतर इंग्रजी अमलात मध्यप्रांतात, आणि १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत राजधानी नागपूरच. त्या दिवसांत मराठी कारकून, मामलेदार, वकील, शिक्षक रायपूर-बिलासपुराकडे आले, ते जणू एकाच घराच्या दुसऱ्या खोलीत. राज्यपुनर्रचनेनंतर मधली भिंत उभी राहिली. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईला पोलादाचा कारखाना ठरला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि देशाच्या सगळ्या प्रांतांतून माणसे येथे येऊन वसली. त्यांत मराठी माणूस आला तो पाहुणा म्हणून. आपल्या भाषेसाठी त्याला मंडळाखेरीज दुसरी जागा राहिली नाही. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलून थकलेला मनुष्य संध्याकाळी मंडळात येतो, तो मुख्यतः आपल्या भाषेत रागावता यावे, हसता यावे, हट्ट करता यावा म्हणून. त्याला ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ म्हणणे म्हणजे तहानलेल्याला गावातील एकुलत्या विहिरीवरून परतविण्यासारखे आहे. जागा जितकी दुर्मिळ तितकी ती राखणाऱ्याची जबाबदारी मोठी, हा माझा पहिला निष्कर्ष. खाजगी म्हणून ती कमी होत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग घंटा फेकूनच द्यावी काय? प्रत्येकाला हवे ते, हवे तेवढा वेळ, हव्या त्या भाषेत बोलू द्यावे काय? मी तसे मुळीच म्हणत नाही. जिला आवर घालणारे कोणी नाही ती सभा स्वतंत्र नसते. तेथे ज्याचा घसा मोठा त्याचे राज्य असते. शांत स्वभावाचा मनुष्य, नव्याने आलेली सून, बोलताना अडखळणारा वृद्ध, यांना बोलता यावे म्हणून तर घंटा हवी. बोलक्याला थांबविल्याशिवाय अबोलाला जागा मिळत नाही. म्हणून नियमन हे स्वातंत्र्याचे शत्रू नाही. ते नीट चालले तर स्वातंत्र्याचे वाटप करणारे साधन आहे.

एवढेच नव्हे, तर बोलणाऱ्याच्याही अंगावर काही ऋण असते. १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण या दृष्टीने आठवावे. करवीर संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध केसरी आणि मराठा या पत्रांनी लिहिले, ते ज्या पत्रांच्या आधारे लिहिले ती खटल्यात बनावट ठरली. हेतू शुद्ध होता. छत्रपतींविषयीची कळकळ खरी होती. पण ज्या कागदावर विश्वास ठेवला तो खोटा निघाला. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरीही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि सूट मिळून १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. या कथेतील तुरुंगाचा भाग आपण अभिमानाने सांगतो; माफीचा भाग जरा भरभर सांगतो. मला तो माफीचा भागच अधिक शिकविणारा वाटतो. ज्याला बोलण्याचे स्वातंत्र्य हवे त्याने आपले बोलणे खोटे ठरले तर ते तितक्याच मोठ्याने मागे घेतले पाहिजे. हे ऋण फेडण्याची ज्यांची तयारी होती तेच पुढे राजसत्तेपुढे ताठ उभे राहू शकले.

तेव्हा प्रश्न घंटा असावी की नसावी हा नाही. ती कशावर वाजावी हा आहे. वेळेवर वाजावी, शिवीवर वाजावी, विषय सोडून भटकणाऱ्यावर वाजावी. याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. परंतु प्रश्न गैरसोयीचा आहे म्हणून, प्रश्न खुद्द घंटा वाजविणाऱ्याविषयी आहे म्हणून, ती वाजली तर? आमच्या त्या गृहस्थांचे दोन शब्द अनुचित होते. त्या दोन शब्दांवर घंटा वाजती तर मी आज हा लेख लिहिला नसता. पण घंटा शब्दांवर वाजली असे आम्ही भासविले, आणि ती वाजली प्रश्नावर. याचा पुरावा मीच आहे. पुढच्या आठवड्यात ते शब्द गाळून प्रश्न तेवढा माझ्याकडे आला, तेव्हाही मी त्याला जागा दिली नाही. रीतीची सबब सांगून आशय दाबणे हा सभ्य लोकांत चालणारा सर्वांत जुना अपराध आहे.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे. ज्याच्यावर घंटा वाजविण्याची वेळच येत नाही, कारण तो सभेत येतच नाही. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली, तिचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले होते. फुल्यांनी ते नाकारले, आणि नाकारण्याची कारणे लिहून कळविली. तात्पर्य असे की, जे लोक इतरांचे माणूसपणाचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांनी आणि पुस्तकांनी आमचे काम होणार नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पहिली सभा भरली, तिच्या परंपरेतूनच पुढची साहित्यसंमेलने झाली. त्या परंपरेच्या पहिल्या पानांतच हे नकाराचे पत्र आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दार उघडे होते, निमंत्रण सन्मानाने गेले होते, तरीही एक थोर मनुष्य आत आला नाही. अध्यक्षाने समोरच्या खुर्च्या मोजताना रिकाम्या खुर्च्या का रिकाम्या आहेत, हेही पाहावयाचे असते.

खुद्द रानड्यांवरही एकदा कसोटीचा प्रसंग आला. १८९५ च्या डिसेंबरात पुण्याला काँग्रेस भरली. तिच्या मंडपातच सामाजिक परिषद भरविण्याची तोवरची प्रथा होती. पुण्यात विरोध इतका चढला की मंडपावरून रण माजण्याची चिन्हे दिसू लागली. रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरविली. कित्येकांना ही माघार वाटली. पण नीट पाहिले तर रानड्यांनी जागा सोडली, बोलणे सोडले नाही. धमकी देणाऱ्यांना त्यांनी कापड आणि बांबू दिले. विषयपत्रिका दिली नाही. आणि हे सारे स्वतःच्या नावावर केले. ‘वरून तसे ठरले’ असे म्हटले नाही.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले, कारण आपल्या काळातील एका घटनेत नेमके तेच हरवले. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीत, कऱ्हाडला मराठी साहित्यसंमेलन भरले होते. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे ज्या सरकारने आणीबाणी पुकारली त्याच सरकारातील मंत्री. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून जयप्रकाशजींच्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. परंतु ती सरकारने केली. संमेलनाने त्यांचा आवाज बंद केला नाही. तेथे भीती बाहेर होती, आणि मंडपात शब्द पुरा झाला.

त्यानंतर २००९ साल आले. महाबळेश्वरच्या संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वारकरी मंडळींत क्षोभ झाला. यादवांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षावाचून पार पडले. आणि मग २०१९ चे यवतमाळ. ११ जानेवारीपासून भरणाऱ्या ९२ व्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलाविले होते. २०१५ साली ज्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला त्यांत त्या होत्या. तेव्हा त्या काय बोलतील याचा अंदाज सर्वांना होता. इंग्रजी लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन नको, असा विरोध उठला; उधळून लावण्याची भाषा झाली. आणि संमेलन चारपाच दिवसांवर आले असता यजमानांकडून त्यांना ‘येऊ नये’ असे कळविण्यात आले.

मला या प्रसंगात सर्वाधिक खटकते ते काय, हे सांगतो. धमकी देणारे सर्व काळी असतात. सुरक्षिततेची काळजीही खोटी म्हणता येणार नाही. हजारो माणसे मंडपात बसणार असतात. खटकते ते त्यानंतरचे. निर्णय घेतला कोणी? यजमान संस्थेने की महामंडळाने? कोणाची संमती होती, कोणाला नुसते कळविले होते? निर्णय सर्वांनी घेतला होता आणि कोणीच घेतला नव्हता, असे दृश्य महाराष्ट्राने काही दिवस पाहिले. अखेर महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रित लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे मात्र गेल्या, आणि व्यासपीठावरूनच त्यांनी निमंत्रण रद्द करणे चूक होते असे सांगितले. न जाण्यात एक धैर्य होते, जाऊन सांगण्यात दुसरे. उद्घाटन एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झाले. सहगल यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांतून छापले गेले, आणि जे मंडपात बसले नसते त्यांनीही ते वाचले.

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाशी महाराष्ट्राबाहेरच्या संस्थाही संलग्न आहेत. त्यांत छत्तीसगडची आहे. १९८१ साली रायपूरला गंगाधर गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले होते, ते येथील जुनी मंडळी अजून अभिमानाने सांगतात. तेव्हा यवतमाळची नामुष्की ही केवळ यवतमाळची नाही. आपल्या घरच्या कार्याचीच ती गोष्ट आहे.

आता राजीनाम्याविषयी. आपल्याकडे अशी समजूत आहे की राजीनामा दिला म्हणजे जबाबदारी फिटली. मला तसे वाटत नाही. ‘जबाबदारी’ या शब्दाकडे जरा पाहा. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याच्या पोटात ‘जबाब’ आहे. जबाब म्हणजे उत्तर. जो उत्तर देतो तो जबाबदार. खुर्ची सोडणारा मनुष्य कधी कधी उत्तर देण्याचेही सोडून जातो. मग रिकामी खुर्ची उरते आणि प्रश्न तसाच. ‘मी अमुक दिवशी, अमुक कारणाने, अमुक निर्णय घेतला, ते कारण आज मला योग्य वाटते, किंवा वाटत नाही’ एवढी तीन ओळींची कबुली दहा राजीनाम्यांपेक्षा मोलाची आहे. राजीनाम्याने संस्थेला नवा अध्यक्ष मिळतो. जबाबाने संस्थेला शहाणपण मिळते, आणि तो पुढच्या अध्यक्षाच्याही उपयोगी पडते.

या ठिकाणी मला आपल्या वाचकवर्गाशी, म्हणजे अधिकारीमंडळींशी, थोडे घरगुती बोलावयाचे आहे. आपण कचेरीत काय करतो? एखाद्याचा परवाना नाकारावयाचा असेल तर त्याला नोटीस देतो, त्याचे म्हणणे ऐकतो, मग सकारण आदेश काढतो. कारण न लिहिलेला आदेश अपिलात टिकत नाही, हे आपल्याला पाठ असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच तिची चौकशी करू नये, हे आपण कनिष्ठांना शिकवितो. आदेशाच्या शेवटी अपील कोठे करावे हेही लिहितो. आणि हेच आपण संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष, कार्यवाह वा संपादक झालो की या साऱ्याला घरी खुंटीवर टांगून येतो! नोटीस नाही, सुनावणी नाही, कारण नाही, अपील नाही. अध्यक्षाविषयीच्या प्रश्नावर अध्यक्षच घंटा वाजवितो, आणि त्याचा मित्र असलेला संपादक त्या घंटेवर शिक्कामोर्तब करतो. कोतवालापुढे आपण जे करू धजणार नाही ते स्नेह्यापुढे बिनदिक्कत करतो. कारण तेथे विचारणारे कोणी नाही.

असे का होत असावे? एक कारण मला सुचते. सरकारी नोकराच्या जिभेला नियमांनी वेसण घातलेली असते. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या नोकराला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही; इतर नोकऱ्यांतही थोड्याफार फरकाने तेच. या वेसणीची काही आवश्यकता आहे हे मी नाकारीत नाही. परंतु तीस-पस्तीस वर्षे न बोलण्याची सवय झाली की बोलणारा मनुष्य आपल्याला उद्धट वाटू लागतो. शिस्त आणि शांतता यांतला फरक कळेनासा होतो. जी वेसण राज्यकारभाराच्या सोयीसाठी होती ती आपण नकळत घरी आणतो आणि शेजाऱ्याच्या नाकात घालू पाहतो. निवृत्तीनंतर माझी नोकरी सुटली, पण ही सवय सुटली नाही, हे मला त्या तीन पानांनी दाखविले.

कोणी विचारणारे नसेल तेव्हा जबाब कोणाला द्यावयाचा? या प्रश्नाचे उत्तर याच मातीत एकाने दिले आहे. माधवराव सप्रे यांचे नाव हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात मोठे आहे. ते मातृभाषेने मराठी होते, हे आपण मराठी लोक विसरत चाललो आहोत. दमोह जिल्ह्यातील पथरियाचा जन्म, बिलासपूर-रायपूरचे शिक्षण. १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्र्यासारख्या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले; ते तीन वर्षे चालले. पुढे नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ साली, ज्या वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्याच वर्षी, सप्रे राजद्रोहाच्या कलमाखाली पकडले गेले. घरच्यांच्या दडपणाने त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि सुटले.

कोल्हापूर प्रकरणातील माफी आणि ही माफी यांत भेद आहे. तेथे लिहिलेले खोटे निघाले म्हणून माफी मागितली. येथे लिहिलेले खरे वाटत असूनही मागावी लागली. सप्र्यांना हा भेद कळत होता. त्यांना कोणी दंड केला नाही; कोणत्याही सभेने जाब विचारला नाही. दंड त्यांनी स्वतःलाच केला. ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले, विरक्तासारखे राहिले, समर्थांच्या दासबोधाचे हिंदी भाषांतर केले. आणि ज्या टिळकांपुढे उभे राहायला त्यांना संकोच वाटला असेल त्यांच्या गीतारहस्याचेही हिंदी भाषांतर त्यांनीच केले. १९२६ साली ते रायपूरला वारले. मनुष्याकडून चूक होते, भीती वाटते, घरच्यांचे अश्रू पाहवत नाहीत. यात लाज वाटण्याजोगे थोडेच आहे. त्या चुकीला दुसरे नाव न देणे, तिला ‘धोरण’ म्हणून न खपविणे, येथे मनुष्याची परीक्षा होते. मी मात्र माझ्या भित्रेपणाला ‘वाङ्मयीन अंक’ असे नाव दिले होते.

असो. उपदेश पुष्कळ झाला. आता जबाब देतो.

ते पत्र परत पाठविल्याला अकरा महिने झाले, तेव्हा मी कार्यकारिणीत विषय काढला. वर्गणीचा हिशेब फलकावर लावावा, एवढेच म्हटले. अध्यक्ष थोडे दुखावले. मग म्हणाले, ‘लावा की, लपविण्यासारखे काय आहे?’ आणि खरोखरच काही नव्हते. पावत्या होत्या, गवंड्याची आणि सुताराची बिले होती, शिल्लक बँकेत होती. रुपयाचाही फरक निघाला नाही. ज्या मनुष्यावर संशय घेतला गेला तो निर्दोष होता. मात्र अकरा महिने त्या निर्दोष मनुष्याविषयी वस्तीत कुजबुज चालली होती, आणि ती त्या प्रश्नामुळे नव्हे, तर प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळे. घंटेने मी आणि अध्यक्षांनी मिळून ज्याचे रक्षण करू पाहिले त्याचेच आम्ही नुकसान केले होते.

हिशेबाची एक प्रत घेऊन मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे. हे त्याच दिवशी सांगितले असतेत तर मी त्या दोन शब्दांची माफी तेथेच मागितली असती. आता कोणापुढे मागू?’ मी काही बोललो नाही. चहा झाला. निघताना मी त्यांचे ते पत्र पुन्हा मागितले. त्यांनी ते ठेवले होते.

यंदाच्या अंकात ते छापले आहे. त्याखाली अध्यक्षांचे उत्तर आहे, आणि त्याखाली ते आधी का छापले नाही याविषयी संपादकाच्या चार ओळी आहेत. पुढील वर्षापासून अंकासाठी आलेला मजकूर नाकारावयाचा झाल्यास कारण लिहून कळवावे, आणि कारभाराविषयीचा असल्यास तो संपादकाने एकट्याने न नाकारता ज्यांच्यावर टीका नाही अशा दोघा सभासदांना दाखवावा, असा ठराव सभेने केला आहे. ठराव लहान आहे. तो मोडणेही सोपे आहे.

गृहस्थ या सभेला आले होते, मागच्या रांगेत बसले होते. काही बोलले नाहीत. घंटा टेबलावर होती; अध्यक्षांनी ती एकदाच वाजविली, मी ठरावावर ठरल्यापेक्षा अधिक वेळ बोललो तेव्हा.